पहिल्या मापाचा कोट

स्वस्त तिकीट म्हणजे काय, हे भाच्याने टेलरमास्तरांना पुन्हा पुन्हा समजावलं. भाचा विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात कामाला होता आणि मामाला लेकीपर्यंत पोहोचवायचं त्याने मनावर घेतलं होतं.

"मामा, ऐन थंडीत गेलात तर निम्म्या भावात काम होतंय. तेव्हा तिकडे कुत्रंही फिरकत नाही. फक्त दोनदा विमान बदलायचं आणि मधे एक अख्खी रात्र बाकावर काढायची."

"काढीन. जन्मभर स्टुलावरच बसलोय."

"आणि सामान म्हणजे हातातली एक पिशवी. सात किलो. जरा वर गेलं की खिसा कापतात."

इथे मात्र मास्तर अडले. पिशवीत स्वतःचे गरम कपडे भरले तर कोट मावत नव्हता. आणि कोटासाठीच तर जायचं होतं.

लेक परदेशात, एका जुन्या राजधानीत, राजवाड्याच्या संग्रहालयात, शेकडो वर्षांपूर्वीची राजवस्त्रं जपायचं काम शिकत होती. शिंप्याची पोर शेवटी सुईदोऱ्यातच गेली, असं मास्तर गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत. आई आजारी पडली ते तिला कुणी कळवलं नाही. "परीक्षा होऊ दे तिची, उगाच जिवाला घोर नको," असं बायको म्हणाली आणि मास्तरांनी मान डोलावली. कळवलं तेव्हा ऐनवेळच्या तिकिटाचे भाव आभाळाला भिडले होते. पोरीला आईचं तोंडही दिसलं नाही. तिने बापाशी बोलणंच टाकलं. वर्षाने एवढाच निरोप आला, तोही भाच्याकडे: "आईचा कोट मला हवाय."

"अहो, पिशवीत कशाला? अंगात घाला की!" भाचा म्हणाला. "अंगावरच्याचं कोण वजन करतंय?"

दुकान बंद केल्यावर मास्तरांनी आरशासमोर कोट चढवून पाहिला. दंडातच अडकला. त्यांना नवल वाटलं. कोट त्यांनीच शिवला होता, बायको अंगाने चांगली भरलेली होती तेव्हा. "तुझं माप कशाला घ्यायचं, माझंच चालेल," असं ते चिडवायचे आणि ती टेप हिसकावून घ्यायची. मग त्यांना आठवलं. आजारपणात कोट त्यांनीच आत घेतला होता, एकदा नव्हे, तीनदा. दर वेळी ती म्हणायची, "जरा सैल होतोय हो," आणि ते खाली मान घालून टाके घालायचे. दोघंही आणखी काही बोलायचे नाहीत.

त्यांनी टाके उसवायला घेतले. सगळ्यात आतल्या शिवणीपाशी हुंदका आला, तो त्यांनी येऊ दिला. उसवून झाल्यावर कोट त्यांना अगदी बेतल्यासारखा बसला. लेकीने जाताना पाहिला होता तसाच तो झाला होता. फक्त कापडावर सुईच्या भोकांच्या तीन रांगा राहिल्या होत्या, एकीच्या आत एक.

त्यांनी इस्त्री तापत ठेवली. ओलं फडकं, थोडी वाफ, नखाने जरा घासलं की खुणा जातात. गिऱ्हाईक भिंग घेऊन आलं तरी कळत नाही.

फडकं पिळताना लेकीचं एक बोलणं त्यांना आठवलं. नवी नवी गेली तेव्हा फोनवर म्हणाली होती, "बाबा, इथे जुन्या टाक्यांच्या खुणा पुसायच्या नसतात. माणूस कधी सुटलं, कधी वाळलं, सगळं त्यातून कळतं." मास्तर हसले होते. "वेडी गं तू! आम्ही त्या पुसण्याचेच तर पैसे घेतो."

पुसल्या तर पोरीला तिच्या आठवणीतली आई मिळेल. नाही पुसल्या तर ती कोट उजेडात धरेल आणि तिला सगळं कळेल. आई किती दिवस झिजत होती आणि बाप टाके घालत कसा गप्प बसला होता. मग कदाचित ती दारातूनच परत पाठवेल.

फडक्यातलं पाणी इस्त्रीवर पडून चुरचुरलं. मास्तरांनी बटण बंद केलं आणि भाच्याला फोन लावला.

"तिकीट काढ."

"काढतो. पण मामा, येताना थंडीचं काय? कोट तर तिकडेच राहणार."

"ते तेव्हा बघू," मास्तर म्हणाले. "आधी तिला तो माझ्या अंगावरून उतरवून तर घेऊ दे."