परंड्याच्या वाटेवरची शाळा आणि नऊ कोरड्या ताटल्या

मारिवीक जानेवारीत दोन आठवडे भारतात येते म्हणाली, तेव्हा मी तिला वेरूळ, आग्रा, गोवा अशी लांबलचक यादी पाठवली. तिचं उत्तर आलं, "मला एखाद्या शाळेचं स्वयंपाकघर बघायचंय. तुझ्या ओळखीची माणसं असतील तिथलं." म्हणून आम्ही परंड्याला गेलो.

मारिवीक फिलिपाईन्सची. मस्कतच्या एका हॉस्पिटलात आम्ही सहा वर्षं बरोबर काम केलं, मी आहारतज्ज्ञ आणि ती स्वयंपाकघराची पर्यवेक्षक. नंतर मी पुण्यात परतले आणि ती तिच्या गावी. तिथल्या सरकारी शाळेत मुलांच्या जेवणाचं काम ती बघते. माझ्या मामेभावाची बायको, मंगलवहिनी, परंडा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवतात. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "या की. त्यात बघण्यासारखं काय हाय, पण या."

पुण्याहून सकाळच्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून एसटीने परंडा. तुम्ही जाणार असाल तर कुर्डुवाडीला उतरल्याबरोबर बसची चौकशी करा. मधली एखादी चुकली तर बराच वेळ स्टँडवर बसावं लागतं. कंडक्टरांनी मला महिलांचं अर्धं तिकीट दिलं आणि मारिवीककडे बघून विचारात पडले. "या बाईंचं पूर्ण लागंल," ते शेवटी जरा ओशाळून म्हणाले. "आधार न्हाय ना त्यांच्याकडं." मारिवीकने हसत पूर्ण तिकीट घेतलं. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आली होती. वाटेत एका शेताच्या बांधावर हुरडा भाजत होते, त्याचा वास थेट बसमध्ये आला.

परंड्याचा किल्ला गावातच आहे. दुपारी दोन तास पुरतात, पाणी मात्र बरोबर ठेवा. बुरुजावरच्या तोफांना हात लावत मारिवीक बराच वेळ फिरली. तिथून जीपने आम्ही वहिनींच्या गावी पोचलो. सोनारीच्या भैरवनाथाला निघालेलं एक कुटुंब जीपमध्ये होतं. त्यातल्या आजींनी आमच्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि देवळातल्या माकडांपासून पिशवी सांभाळायला सांगितलं, जणू आम्हीही तिकडेच निघालो होतो.

वहिनींना पहिल्या संध्याकाळी एकच कोडं पडलं होतं. "ताई, ही तुमच्या बरोबरीची दिसती. मग तुम्हाला आत्या का म्हणती?" तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, हे सांगितल्यावर त्या समाधानाने चुलीकडे वळल्या. अंगणात शेवग्याचं झाड होतं. मारिवीकने ते ओळखलं आणि भराभर कोवळा पाला ओरबाडायला लागली. तिच्याकडे मुगाच्या आमटीत हाच पाला घालतात, शाळेतल्या मुलांना हमखास. वहिनींनी मूग शिजवले, त्यात तो पाला घातला आणि लसणाची फोडणी दिली.

"आमी कवळा पाला असंल तर भाजी करतो, न्हायतर शेळ्यांना घालतो," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे त्यात सुकी मासळीही घालतात," मारिवीकचं मी मराठी केलं.

"ते ऱ्हाऊ द्या. आमच्यात कुणी मासं खात न्हाय."

भाकरी आणि ती आमटी. मी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शाळेत. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी वहिनींनी आधीच काढून ठेवली होती. खिचडीला मुगाची डाळ, परसबागेतली मेथी, वर शेंगदाण्याचं कूट. मारिवीकने पहिला प्रश्न विचारला तो असा, की यातलं कुणाकुणाला मिळतं.

"सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या. "पहिलीपासनं आठवीपर्यंत. नववीला मग न्हाय."

मारिवीकने मग मला तिच्याकडचं सांगितलं. तिच्या शाळेत वर्षाच्या सुरुवातीला मुलांची वजनं घेतात, जी कमी भरतात त्यांना जेवण मिळतं, आणि तेही सहावीपर्यंतच. ती मस्कतमध्ये असताना तिची चौदा वर्षांची मुलगी हायस्कूलच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडली होती. आई पैसे पाठवत होती, मुलगी नूडल्सचं पाकीट आणि शीतपेय यांवर दिवस काढत होती. त्यानंतर मारिवीकने नोकरी सोडली. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती कंटाळून गेली.

"मुलं झपाट्याने वाढायला लागतात," ती म्हणाली, "आणि नेमकं तेव्हाच आपण त्यांच्यापुढचं ताट उचलतो."

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. मुलं हात धुऊन व्हरांड्यात रांगेने बसली, श्लोक झाला, वाढप झालं. आणि मैदानावर खो-खोचा सराव सुरू झाला. या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. सातवी-आठवीच्या नऊ मुली, दोन आठवड्यांवर तालुक्याच्या स्पर्धा. त्यांतली पूजा नावाची काटकुळी मुलगी अशी पळत होती, की वाढणाऱ्या मदतनीस बाईही पळी हातात धरून बघत राहिल्या. मग दिशा बदलता बदलता ती थांबली, खुंटाला धरून उभी राहिली आणि तिथेच खाली बसली.

खेळाचे सर धावले. आम्हीही गेलो. "पंधरवड्यात तिसऱ्यांदा," सर हळू आवाजात मला म्हणाले. "माझी सगळ्यात चांगली पोरगी आहे हो. पण असं असेल तर संघात कशी घेऊ? उद्या यादी द्यायचीय." पूजाला ते ऐकू गेलं. ती ओठ दाबून जमिनीकडे बघत होती.

मी लगेच कामाला लागले. खालच्या पापण्या ओढून आतून बघितल्या, नखं बघितली, फिकट होती. सकाळी काय खाल्लंस? "चहा-बिस्कीट." आई पहाटेच कांदा लावायला जाते, ही वस्तीवरून दोन किलोमीटर चालत येते. मी सरांना रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या, हिरव्या भाज्या, लिंबू असं सगळं व्यवस्थित सांगितलं. चुकीचं त्यात काहीच नव्हतं.

मारिवीक तोवर तिथे नव्हती. ती स्वयंपाकखोलीच्या दाराशी उभी होती, ताटल्यांच्या चळतीपाशी. "आते, इकडे ये," तिने हाक मारली. "यांना विचार, या नऊ ताटल्या कोरड्या का आहेत?"

मी विचारलं. वहिनी पातेलं घासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्या खो-खोच्या पोरींच्या. सुट्टीतच सराव असतो न्हवं. भरल्या पोटी पळता येत न्हाय, म्हणून जेवत न्हायत. सराव झाला की घंटा व्हती. महिना झाला असंच."

"मग तुम्ही सरांना सांगितलं नाही?"

"मला कुणी इचारलं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी हे सरांना सांगितलं. "मला वाटायचं, आधी खाऊन घेतात," ते म्हणाले. मग त्यांची अडचण सांगितली. शाळा सुटल्यावर सराव घेतला तर वस्तीवरच्या मुलींना घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. सकाळी त्या लवकर येऊ शकत नाहीत. सुट्टीशिवाय मैदान मोकळं नसतं.

आम्ही तिघं त्यावर बोलत राहिलो. वहिनींनी हात पुसले आणि मध्येच म्हणाल्या, "खिचडी म्या अकरा-सव्वाअकराला उतरवते. या पोरींना तवाच वाढते. तास-दीड तासात जिरंल, मग पळू द्या की."

सर मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि दहा मिनिटांत परत आले. "उद्यापासून," ते म्हणाले. यादी देणं त्यांनी आठवडाभर पुढे ढकललं.

तिसऱ्या दिवशी आमची परतीची बस दुपारची होती. सव्वाअकराला नऊ मुली व्हरांड्यात बसल्या, शेजारी सर स्वतः ताटली घेऊन. पूजाने पहिल्यांदा थोडीच खाल्ली, संकोचाने. वहिनी म्हणाल्या, "पोरी, घे अजून. तुझ्यासाठीच लवकर उतरवलीय." मग तिने दोनदा घेतली. मारिवीक मुलींच्या रांगेत मांडी घालून बसली होती, हाताने खिचडी खात. मुली तिचं खाणं बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

निघताना वहिनींनी आमच्या पिशवीत खव्याचे पेढे घातले. मारिवीकने त्यांचे दोन्ही हात धरले आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला नाही. वहिनींनीही विचारला नाही, नुसत्या "व्हय, व्हय" म्हणाल्या.

पुढचं फोनवर कळलं. उपकेंद्रातल्या सिस्टरनी पूजाचं रक्त तपासलं, कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. ती संघात होती. तालुक्याला संघ दुसऱ्याच सामन्यात हरला, पण पूजा शेवटपर्यंत पळाली आणि चक्कर येऊन कुठे बसली नाही. जूनमध्ये ती नववीला परंड्याला जाईल, तिथे खिचडी नाही. वहिनींनी तिच्या आईला गाठून डब्याचं बोलून ठेवलंय. आई हो म्हणाली आहे. पुढे काय होतं ते बघायचं.

या सहलीत मी फार काही पाहिलं नाही, हे खरं. कुणी विचारलं तर किल्ला, ज्वारी आणि शेवग्याची आमटी एवढंच सांगता येतं. पण मारिवीक आणि वहिनी, या दोघींचे माझ्यावर उपकार आहेत. बारा वर्षं मी लोकांनी काय खावं याचे तक्ते करते आहे. ते खाल्लं जातं की नाही, हे ज्यांना रोज दिसतं त्यांच्याशी मी कधी बोललेच नव्हते.

पुण्यात परतल्यावर सोमवारी कामावर गेले आणि वॉर्डात जायच्या आधी हॉस्पिटलच्या भांडी घासायच्या खोलीत शिरले. तिथल्या सुशीलाबाईंना विचारलं, "लहान मुलांच्या वॉर्डातून ताटात काय काय परत येतं हो?" त्यांनी नळ बंद केला, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा मॅडम. वेळ लागेल सांगायला."