ऊन लागलं म्हणे

१८ एप्रिल २०२१, रविवार. सकाळपासून मी अंगणात कूलरच्या ताट्या धूत बसले होते. ताट्या म्हणजे लोखंडी जाळीत दाबून भरलेलं लाकडाचं गवत. वर्षभरात त्यात पाण्याचा क्षार बसतो, आणि वणीत त्यावर कोळशाची धूळही बसते. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास आम्ही नव्या ताट्या आणतो. त्या वर्षी दुकानं बंद होती. किराणा, दूध, भाजी, औषधं सकाळी सात ते अकरा. बाकी काही अत्यावश्यक नाही. वणीच्या एप्रिलमध्ये कूलर अत्यावश्यक नाही असं ज्याने ठरवलं, तो माणूस एसीत बसत असणार.

तरी आमचे हे एका दुकानदाराला फोन करून गेले होते. त्याने अर्धं शटर उचलून माल देतो असं सांगितलं होतं. हे रिकाम्या हाताने परत आले.

"ताट्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"ताट्या पोलिसापाशी, पावती माझ्यापाशी."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"म्हटलं ना. म्हटलं, साहेब, घरी बायको चिडन. तर म्हणे, मग मास्क हनुवटीले लावून काहून हिंडून राह्यले, नाकाले लावा."

ते हसले, मी हसले नाही. जुन्या ताट्या उन्हात उलट्या उभ्या केल्या, जिथे गवत झडलं होतं तिथे पोत्याचे तुकडे कोंबून वरून सुतळीने शिवलं. बाहेर मोठ्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक एकामागून एक चालले होते. त्यांना कोणी अडवत नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेव्हा शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना सर्वेक्षणाची ड्युटी होती. माझ्याकडे आमचाच भाग होता. एका कापडी पिशवीत ताप मोजायचं यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन मी घरोघर फिरत असे. ज्या बायका एरवी हात धरून चहाला बसवत, त्या आता दार इंचभर उघडत. "सगळे ठीक आहेत, मॅडम," हे वाक्य माझा प्रश्न संपायच्या आत येई. आतून कोणीतरी खोकला गिळल्याचा आवाज येई. एका घरात आजोबांचं कपाळ ओलं लागलं. मी यायच्या आधी त्यांच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी फिरवली होती.

लोकांची भीती मला कळत होती. घरात रोगी सापडला की दारावर स्टिकर लागे, घरातल्या सगळ्यांना वसतिगृहात नेऊन ठेवत आणि गल्लीच्या तोंडावर बांबू बांधत. आमच्या गल्लीचं तोंड असंच बंद होतं. कोपऱ्यावरच्या घरात मार्चमध्ये एक जण सापडला, बरा होऊन परतही आला, बंदीची मुदत संपली. पण बांबू सोडायचा आदेश आला नव्हता. नाल्याच्या कडेने स्कूटर कशीबशी निघे, चारचाकी निघत नव्हती. नगरपालिकेत विचारलं तर म्हणत, वरून पत्र येऊ द्या. हात लावला तर गुन्हा दाखल होईल, असं सांगायलाही विसरत नसत.

दुपारी ताट्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं आणि कूलर सुरू केला. पंप पाणी ओढेना म्हणून पुन्हा बंद केला. तेव्हा लक्षात आलं की डाव्या बाजूला काहीच आवाज नाही. आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी प्रत्येक घराचा कूलर गुरगुरत असतो. तो आवाज इतका नेहमीचा की ऐकू येत नाही. न येणारा मात्र लगेच ऐकू आला.

शेजारच्या वहिनी-भाऊजींचा कूलर आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच आहे. त्याच्या टाकीतून पाणी झिरपून आमच्या बाजूला येतं आणि दर उन्हाळ्यात तेवढ्या जागेत चिखल होतो. त्यावरून वहिनींची आणि माझी दरवर्षी एकदा तरी कुरबूर होते. मी वाकून पाहिलं. माती कोरडी होती आणि तिला भेगा पडल्या होत्या. म्हणजे आजचा एकच दिवस नाही, दोन-तीन दिवस कूलर लागलेला नव्हता. वीज होती, पंप बिघडला असता तर भाऊजींनी गल्लीभर सांगितलं असतं. अशा उकाड्यात कूलर बंद करून माणूस एकाच कारणाने बसतो. त्याला थंडी वाजत असते.

भाऊजी कोळशाच्या काट्यावर होते. ट्रक भरून येतो, तिथे त्याचं वजन करायचं. ते काम बंद नव्हतं, त्यामुळे ते रोज उन्हात जात होते.

ऊन उतरल्यावर मी भिंतीशी जाऊन हाक मारली. वहिनी मागच्या ओट्यावर कांदा किसत होत्या. कांदा किसणं म्हणजे काय ते आमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. ऊन लागलं की तळपायांना कांदा चोळतात, पन्हं पाजतात आणि माणसाला पडू देतात. मीही माझ्या मुलांना हेच करत आले आहे.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही, ह्यांना ऊन लागलं. काट्यावर सावली नाही ना कुठं."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील तीन-चार. ताप उतरते अन् चढते. उन्हाचा ताप असाच राहते."

"जेवतात का?"

"कुठचं जेवतात. तोंडालेच चव नाही म्हणतात. आता पन्हं दिलं, तर म्हणे मीठ टाकायले विसरली का. पुन्हा टाकलं, तरी अळणीच म्हणे. मी चाखलं, तर बाप्पा, खारंचिट्ट." त्या हसल्या. "आणि कांद्याचा एवढा वास सुटला आहे घरात, तर मले म्हणतात, तू कांदा लावलाच नाही."

मी हसू शकले नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि किसणी खाली ठेवली. त्यांनाही ते ठाऊक होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. फक्त ऊन म्हणत राहिलं की ते ऊनच राहील, असं त्यांनी धरलं होतं.

"मी येते आत," मी म्हटलं.

"ड्युटीवर की अशाच?"

"अशीच येते, पण पिशवी घेऊन."

दोन मास्क लावून मी मागच्या दाराने गेले. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, आत कांद्याचा आणि घामाचा वास कोंडला होता. भाऊजी बनियनवर, अंगावर चादर घेऊन खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले.

"या मास्तरीणबाई. पकडलं आम्हाले." एवढं बोलून ते थांबले, श्वास घेतला. "नाव लिहा. वर्गाबाहेर उभं करा."

बोलताना ते दर दोन शब्दांनी थांबत होते. त्यांना ते कळत नव्हतं. वहिनींनाही त्याची सवय झाली असावी. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा हलत हलत अठ्ठ्याऐंशीवर थांबला.

"तुमची मशीन खराब असन," ते म्हणाले.

मी ती माझ्या बोटाला लावली. सत्त्याण्णव. पुन्हा त्यांच्या बोटाला लावली. सत्त्याऐंशी. त्यांनी बोट काढून घेतलं आणि चादरीखाली घातलं.

"दवाखान्यात जावं लागेल, भाऊजी."

"नाही."

"का?"

उत्तर वहिनींनी दिलं. "ह्यांचा भाऊ पाह्यला ना तुम्ही. मागच्या सप्टेंबरात आपल्या पायानं अँब्युलन्समधी चढला. हात हलवला आम्हाले. मग फोनच आला. तोंड पाह्यले भेटलं नाही, राख कोणाची दिली तेही देवालेच माहीत. हे त्या गाडीत बसत नाहीत, मॅडम. आणि तुम्ही कोणाले सांगू नका. दोन दिवसात उतरन."

एरवी त्या मला ताई म्हणतात. तिथे, त्या खोलीत, मी मॅडम झाले होते.

मी त्यांना सरळ सांगितलं. हे ऊन नाही. हा आकडा असाच खाली गेला तर माणूस बोलता बोलता जातो, आणि हसत असतानाही जातो. या महिन्यात माझ्याच सर्वेक्षणातली दोन घरं तशी झाली आहेत. मी उद्या हे घर कळवणार आहे. तुम्ही आज स्वतःहून गेलात तर आमच्या गाडीतून, वहिनी सोबत असताना जाल. नाही गेलात तर उद्या ती अँब्युलन्स दारात येईल.

"धमकी देऊन राह्यल्या का?" वहिनी म्हणाल्या.

"हो."

भाऊजींनी चादरीखालचं बोट बाहेर काढलं. म्हणाले, "गाडी तुमची असन तर जातो. पण ही सोबत पाह्यजे. दारापर्यंत."

मी तिथूनच दवाखान्यात फोन केला. बेड नव्हता. यवतमाळला विचारलं, तिथेही नव्हता. चंद्रपूरचा दवाखाना म्हणाला, जिल्ह्याबाहेरचे रोगी घेत नाही. पुन्हा वणीच्याच नंबरवर फोन केला. तिथली नर्स थकलेल्या आवाजात म्हणाली, "सकाळी सहाला आणा. एक बेड रिकामा होईल."

तो कसा रिकामा होणार, हे मी विचारलं नाही. ती रात्रीपूर्वीच सकाळचं सांगत होती, याचा अर्थ मला समजला होता. वहिनींनी विचारलं, "कोणी बरं होऊन घरी जात असन ना?" मी हो म्हटलं.

भाऊजींना पालथं झोपायला लावलं, छातीखाली उशी दिली, खिडक्या उघडल्या. पालथं झोपल्यावर आकडा नव्वदवर आला. वहिनींना ऑक्सिमीटर वापरायला शिकवून तो तिथेच ठेवला आणि पंचाऐंशीच्या खाली गेला तर आमच्या मागच्या दारावर थाप मारा असं सांगितलं. कांदा उचलून टाकायलाही सांगितलं. त्यांनी तो टाकला नाही, खाटेखाली सरकवला.

घरी येऊन आंघोळ केली आणि ह्यांना सगळं सांगितलं.

"आपल्या गाडीत?" ते म्हणाले.

"काचा उघड्या ठेवायच्या, तुम्ही दोन मास्क लावायचे."

"तुले समजते का, आपलंही घर बंद होईन. तू जाऊन बसली तिथं अर्धा तास."

"समजतं."

"आणि गाडी काय उडवत नेऊ? गल्लीच्या तोंडाले बांबू आहेत."

बांबू माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी नगरपालिकेच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, रविवार आहे, सकाळी दहानंतर साहेबांना विचारून सांगतो. पोलीस चौकीत फोन केला. ते म्हणाले, बांबू नगरपालिकेचे आहेत. पेशंटला बांबूपर्यंत चालवत आणा, पुढे बघू, असंही एक जण म्हणाला. भाऊजींना खाटेवरून मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागत होती, आणि बांबू आमच्या दारापासून अकरा घरं पलीकडे होते.

 ह्यांनी उठून गाडीत पेट्रोल आहे का पाहिलं, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली आणि आत येऊन म्हणाले, "बांबूचं तू पाहा. मी एका दिवसात दोनदा पावती फाडणार नाही."

मागच्या दारावर रात्रभर थाप पडली नाही. ती पडली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, की मारणारं कोणी जागं नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

सकाळी उजाडताच मी विळा घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. नायलॉनची दोरी होती, उन्हाने कडक झालेली. कापायला वेळ लागला. दोन घरांचे पडदे हलले, दार कोणी उघडलं नाही. बांबू एकेक करून नाल्याच्या कडेला ठेवले. गाडी आली. भाऊजी मागे वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून, अर्धे पालथे पडले होते. वहिनींनी त्यांचं बोट वर करून मला आकडा सांगितला, शहाऐंशी. माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी मोठ्या रस्त्यावर गेली आणि दोन कोळशाच्या ट्रकांच्या मधून दवाखान्याकडे वळली.

चौकीतला शिपाई सातला आला. "कोणी काढले हे?"

"मी काढले. पेशंट न्यायचा होता."

"परमिशन?"

"रात्री मागितली होती तुमच्याकडेच."

त्याने माझं नाव विचारलं, मी सांगितलं. तो बांबू उचलायला लागला तेव्हा मी म्हटलं, गाडी परत यायची आहे, थोडं थांबा. तो खरंच थांबला, नाल्याच्या कठड्यावर बसला आणि मोबाइल पाहू लागला.

एकदा मी घर कळवलं की दोन्ही घरांतल्या कोणालाही बाहेर पडता येणार नव्हतं. म्हणून आधी भाजी आणली, दोन्ही घरांची. बटाटे, कांदे, लिंबू, जे टिकेल ते. औषधाच्या दुकानातून तापाच्या गोळ्या घेतल्या, दूध जास्त घेतलं, गॅसचा नंबर लावला. वहिनींचा वाटा त्यांच्या मागच्या ओट्यावर झाकून ठेवला. मग हात धुतले, फोन घेतला आणि ड्युटीच्या नंबरवर दोन घरं कळवली. पहिलं आमचं सांगितलं.