गच्चीचं कुलूप

लग्न होऊन मी नरखेडहून नागपूरच्या या संकुलात आले, तेव्हा तीन इमारतींत माणसं होती, बाकीच्यांचे नुसते खांब उभे होते. नकाशात बाग होती, सभागृह होतं. शेजार मात्र नव्हता. दारं बंद असायची आणि नवरा ऑफिसला गेला की मी दिवसभर टीव्ही लावून बसायची.

समोरच्या घरात एक काकू राहायला आल्या. त्यांचा सगळा संसार खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत झालेला. आल्याच्या आठवड्यातच त्यांनी माझी बेल वाजवली.

"काहून वं, एकटीच बसून राहिली? सोऱ्या फिरवता येते का तुले?"

त्यांनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. गच्चीला मात्र कुलूप होतं, आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. आम्ही दोघी गेलो.

"गच्ची खराब होते, काकू. नियम आहे."

"आम्ही का कुदळी घेऊन चाललो गा? कुरडया वाळवाले चाललो. तुमच्या घरी खात नाही का कोणी?"

आतून त्यांची बायको हसली आणि तिनेच किल्ली आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आम्ही दोघीच होतो. चीक शिजल्याचा वास जिन्यात पसरला तशी एकेक बाई आपापला सोऱ्या घेऊन मदतीला वर येऊ लागली. ज्यांना लिफ्टमध्ये नुसतं पाहिलं होतं, त्यांच्याशी मी पहिल्यांदा बोलले. उन्हं चढायच्या आत गच्ची पांढरीशुभ्र झाली.

दुपारी सगळ्या घरी झोपलेल्या असताना अचानक आभाळ भरून आलं. वाऱ्याच्या आवाजाने दचकून मी वर पळाले. पाहते तर सेक्रेटरी आधीच तिथे, बनियनवर, वाळवणाची चादर चारी बाजूंनी गोळा करत होते.

"पाहून काय राहिल्या? तिकडची धरा!" ते ओरडले.

थोड्याच वेळात अख्खी इमारत वर होती. थोड्या कुरडया भिजल्या, बाकी वाचल्या.

त्यानंतर गच्चीला कुलूप लागलं नाही. आता सगळ्या इमारती भरल्या आहेत, सभागृहही झालंय. माझ्या बाळंतपणात मला डिंकाचे लाडू पाच घरांतून आले. काकू आता थकल्या आहेत, पण चीक नीट शिजला की नाही, ते अजून त्यांनाच विचारतात.