धाकट्या जावेचं मीठ

शनिवार-रविवारी आमच्याकडे हिंजवडीची माणसं जेवायला येतात. धरणाचं पाणी बघायचं, चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीचा व्हिडिओ काढायचा आणि मग पंगतीला बसायचं. त्या व्हिडिओंत माझे हात असायचे. आमच्या घरात माझ्याइतकी पातळ भाकरी कुणाची होत नाही, हे सासूबाईही मान्य करतात. आणि त्या सहसा काही मान्य करत नाहीत.

मग उजव्या हाताच्या बोटांवर चामखिळी उठल्या. आधी एक, मग तिच्या आजूबाजूला पिल्लं. एका पाहुणीने त्या बघितल्या, मोबाईल खाली केला आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या दिवशी दोघांनी नुसता भात खाल्ला. पुढच्या शनिवारी सासूबाईंनी चुलीपुढे धाकट्या जावेला बसवलं आणि मला मागे भांड्यांकडे पाठवलं.

धाकटीच्या भाकऱ्या कडेला जाड राहतात. तरी लोक वा वा करायचे आणि इकडे माझ्या पोटात दुखायचं. मला ती जागा परत हवी होती.

लसूण ठेचून बांधला. पानाचा चुना लावला. शेजारच्या चांदे गावातल्या एका वरातीतल्या घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला आणि चामखिळीला आवळला. चामखीळ जागच्या जागी, बोट मात्र सुजलं. रुईच्या चिकाने तर शेजारची चांगली कातडी भाजून निघाली. शेवटी पुण्याला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, हा विषाणू आहे, पुष्कळदा आपोआपही जातो, पण चीकबीक लावू नका. त्यांनी दिलेलं मलम मी नेमाने लावू लागले.

तेवढ्यात धाकटीने काय करावं? माझ्या हातावरून मूठभर मीठ उतरवलं आणि धरणात सोडून आली.

"मीठ इरघळंल तशी चामखीळ जाईल," म्हणाली. "फकस्त सोडून येताना बोलायचं न्हाई न् मागं वळून बघायचं न्हाई."

आणि काही दिवसांनी चामखिळी गेल्या! मलमाने गेल्या की आपल्या आपण, देव जाणे. गावभर मात्र झालं की धाकटीच्या मिठाला गुण आहे. सासूबाईंना मी मलमाची ट्यूब दाखवली. "ह्यानं व्हय? असंल," म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. चुलीपुढची जागा मला मिळाली, पण आता बाया पोरांचे हात धरून माझ्यासमोरून थेट तिच्याकडे जातात. मला तिचा हेवा वाटतो. आजही वाटतो.

गेल्या आठवड्यात अंगठ्यावर नवी चामखीळ दिसली. मलमाला वेळ लागतो आणि शनिवार तोंडावर आला होता. धाकटीच्या हाताला गुण असेल तर माझ्या का नसावा? मिठाची पुडी घेऊन एकटीच पाण्यावर गेले. मूठभर उतरवलं, सोडलं आणि तोंड मिटून चढण चढायला लागले. अर्ध्यावर राहवेना. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून वळले.

खाली काठाशी, झुडपाच्या आडून धाकटी बाहेर येत होती. हातात धुण्याचा पिळा. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"वळलात नव्हं ताई?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. या हितं, मी सोडते."

पुडीत थोडं मीठ उरलं होतं. मी खाली उतरले आणि हात पुढे केला.