पंख्याचे चार गज

माधवीच्या संगणकावर पंखा काही केल्या टांगून राहीना.

मानवतच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची धूळ ओढणारा सहा क्विंटलचा नवा पंखा बसवायचा होता. जुना छोटा पंखा काढून त्याच्याच चार गजांना, छपराच्या त्याच लोखंडी कैचीला हा टांगायचा. कैची वजन पेलते का, एवढंच तपासायचं. परभणीत मल्लेश सरांच्या इंजिनियरिंग कचेरीत लागून माधवीला तीन वर्षं झाली होती. असली कामं ती जेवणाच्या सुट्टीआधी उरकत असे. पण या वेळी गणित सुरू केलं की सॉफ्टवेअर अडून बसे : रचना अस्थिर. टांगलेली वस्तू हवी तशी झुलू शकते, तिला आडवं धरणारं काहीच नाही, ही त्याची तक्रार.

"बाजूंनी खोटे आधार दे," मल्लेश सर म्हणाले. "सगळे तसंच करतात."

तिनं दिले. सगळे आकडे हिरवे आले. अहवाल छापला, पण सहीला हात जाईना. त्या पंख्याखाली कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांत तिची आई होती, सरजाबाई. माधवी दोनदा उठून पाणी प्याली, खिडकीशी गेली, परत आली. शेवटी अहवाल पिशवीत कोंबून तिनं मानवतची एसटी धरली.

सरजाबाईनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "आज कशी काय आलीस माय? सुट्टी हाय का?"

"आई, यंत्रं चालू असली की वर काय होतं?"

"काय व्हायचंय. समदं थरथरायलंय. त्या कोपऱ्यातला गज तर नुसता खुळखुळ वाजायलाय. आमी तिकडं बसतच न्हाई."

दुपारी यंत्रं थांबल्यावर माधवी शिडी लावून वर चढली. एकेक गज हलवून पाहिला. तिरके समोरासमोरचे दोन ताठ होते, उरलेले दोन नुसते लोंबत होते. वजन चारही गजांवर नव्हतंच, दोनच गजांवर होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं संगणकावरचे खोटे आधार काढले. पंखा झुलू दिला, भार दोनच गजांवर ठेवला, फिरत्या पात्यांची थरथर त्यात घातली. कैचीचा एक तुकडा लाल झाला, म्हणजे त्याला भार पेलत नव्हता. तिनं तो सरांना दाखवला.

जिनिंगचे मालक महालिंगअप्पा फोनवर तापले. "वीस वर्षं टांगलेला हाय तो. पडला का कधी?"

"तो दोन क्विंटलचा होता, अप्पा."

"मग दुसऱ्याकडून सही आणतो."

मल्लेश सरांनी फोन तिच्या हातातून घेतला. "माझी तर मिळणार न्हाई, अप्पा," ते शांतपणे म्हणाले.

अप्पा अखेर नमले; आठवडाभरानं पंखा जमिनीवरच्या चौथऱ्यावर बसला. चौथऱ्यानं नेमकी बायांची जागा खाल्ली, त्यांना बाहेर अंगणात बसवलं. "तुझ्या पंख्यापायी आमी उन्हात," सरजाबाई म्हणाली. रागानं नव्हे.

माधवीनं अप्पांना फोन लावला. बघू म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा अप्पा वैतागून म्हणाले, "पत्र्याचं शेड टाकतो. नकाशा तूच काढून दे."

त्याच दुपारी ती टेप घेऊन मानवतला गेली. बायांना तिनं होत्या तिथंच बसू दिलं आणि त्यांच्याभोवतीनं मापं घेतली.