वहीत चालणारा संगणक

संघप्रिया कुरणे हिने कॉपी केली असं तिच्या संस्थेचं मत झालं, त्याला कारण एकच होतं. तिच्या हातून चूक होत नव्हती.

हे २००६ सालचं. तोवर तिला एम.ए. होऊन सात वर्षं झाली होती. विषय इतिहास. एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. तिथे ‘जागा निघणार आहे’ असं दर जूनमध्ये सांगत आणि मार्चपर्यंत विसरून जात. पाच वर्षांचा पुरावा हाती आल्यावर तिने इतिहासाच्या शिस्तीने निष्कर्ष काढला की जागा निघणार नाही. मग ती कोल्हापुरात कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे मोडी कागद वाचायला बसू लागली.

मोडीत पानभर अक्षरं एकमेकांना चिकटून चालतात आणि शब्द कुठे संपला हे सांगायला कोणी नसतं. वाचणाऱ्याने पहिल्या शब्दाला घाई केली की खालच्या चार ओळी बिघडतात आणि एकाची विहीर दुसऱ्याच्या वाटणीला जाते. म्हणून ती अख्खा कागद डोळ्यांनी दोनदा वाचून काढायची आणि मगच तोंड उघडायची. वकिलांना हे फार संथ वाटे. पण तिने वाचलेला कागद पुन्हा कधी वाचावा लागला नाही, हेही ते कबूल करत, पक्षकार उठून गेल्यावर.

पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात तिने त्यांच्याच ऑफिसातल्या पेपरात पाहिली. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला संगणकाची पदविका, दीड वर्षाची, इंटरनेटवरून, घरबसल्या. ‘घरबसल्या’ या शब्दात घरी संगणक, टेलिफोन आणि वीज असते असं धरलेलं होतं. कोडोलीत कुरण्यांच्या घरी यातली वीज होती, आणि तीही वेळापत्रक लावून जायची. तिचे वडील गणपती कुरणे गवंडीकाम करत. त्यांचा जन्म पंचावन्नचा, म्हणजे धर्मांतराच्या एक वर्ष आधीचा. पुढे घरात बुद्धाची तसबीर आली, पंचशील आलं, मुलीचं नाव संघप्रिया ठेवलं गेलं. त्यांचं स्वतःचं नाव तेवढं बदलायचं राहून गेलं. त्यांनी जाहिरात ऐकून घेतली आणि विचारलं, “मास्तर कुठं बसनार?”

“पुण्यात.”

“आणि तू?”

“कोल्हापुरात.”

“मग छडी लागायची न्हाय,” ते म्हणाले आणि परवानगी मिळाली असं धरलं गेलं.

कोल्हापुरात स्टँडमागे जोतीराम नावाच्या इसमाचा एस.टी.डी. बूथ होता. काळाची पावलं ओळखून त्याने त्यात चार संगणक मांडले होते आणि बाहेरच्या पाटीवर ‘सायबर’ हा शब्द वाढवला होता. वकील एक ते दोन जेवायला जात. जोतीरामच्या भागातली वीज दोनला जायची. अशा रीतीने संगणकशास्त्रासाठी तिच्या वाट्याला रोजचा एक तास आला. त्यातली पंधरा मिनिटं संस्थेचं पान उघडण्यात जात. पान वरून खाली असं हळूहळू उतरे की आधी संस्थेचं बोधचिन्ह दिसे, मग घोषवाक्य, आणि धडा दिसेपर्यंत शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा एक खेळ हरून दुसरा मांडत असे.

तिच्या तुकडीत वनस्पतिशास्त्राचा एक पदवीधर होता, गृहविज्ञानाची एक बाई होती, तत्त्वज्ञानाचे दोघे होते. ते सगळे जगभर जसा प्रोग्रॅम लिहितात तसा लिहीत. काहीतरी टाइप करायचं, चालवायचं, संगणकाने चूक दाखवली की दुरुस्त करायचं, पुन्हा चालवायचं. एकेका स्वाध्यायाला तीस-चाळीस प्रयत्न लागत. संघप्रियाकडे चाळीस वेळा चुकण्याइतकी वीज नव्हती.

तिने दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर प्रोग्रॅम, शाईच्या पेनाने. उजव्या पानावर चौकटी. प्रत्येक चौकटीवर एक नाव आणि आत एक आकडा, संगणकाच्या स्मृतीत असतो तसा. मग डाव्या पानावरची एकेक ओळ वाचायची आणि ती ओळ सांगेल तो आकडा खोडून नवा लिहायचा. एखादी गोष्ट शंभर वेळा करा असं प्रोग्रॅममध्ये असलं, तर ती शंभर वेळा करायची. संगणकाला यासाठी डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. तिला कोडोलीची एस.टी. पन्हाळ्याच्या फाट्यापर्यंत पोहोचेतो वेळ लागे. पण घरी पोहोचेपर्यंत तो प्रोग्रॅम चाललेला असे, चुकलेला असला तर कुठे चुकला ते सापडलेलं असे, आणि दुसऱ्या दिवशी एक वाजून पंधरा मिनिटांनी ती तो वहीत बघून टाइप करी. तो चाले.

तिची आई सरुबाई भाकरी थापताथापता हे महिनाभर बघत होती. शेवटी तिने विचारलं, “कॉम्पुटर शिकतीस म्हंतीस, मग मशीन कुठाय?”

“मशीन मीच हाय.”

“मग तुला लाईट लागत न्हाय व्हय?”

“न्हाय.”

“बरं हाय की,” सरुबाई म्हणाली. या विषयावर याहून नेमकं वाक्य पुढेही कोणी बोललेलं नाही.

आपण काही विशेष करतोय अशी संघप्रियाला शंकाही नव्हती. संगणक हाताशी नसताना सगळे असंच करत असणार, असं ती धरून चालली होती. संस्थेच्या यंत्रात मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे प्रयत्नांचा आकडा पडत होता, आणि तिच्या नावापुढे दीड वर्ष एकाखाली एक ‘एक’ पडत गेला. एकावन्न स्वाध्याय, एकावन्न प्रयत्न. कोणा शहाण्याने शेवटी तो रकाना उघडून पाहिला.

ईमेल इंग्रजीत होता आणि सभ्य होता. आपले स्वाध्याय अन्य व्यक्तीने तयार करून दिल्याचा दाट संशय आहे. एक तासाची फेरपरीक्षा घेण्यात येईल. समाधान न झाल्यास पदविका रद्द. आडनाव वाचून शंका घेणारे संघप्रियाने पुष्कळ पाहिले होते; आकडा वाचून शंका घेणारे हे पहिलेच. पण परिणाम तोच होता. पुण्यातल्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, आणि अट एवढीच की पंधरा जुलैच्या आत पदविका दाखवायची. परीक्षेची तारीख पडली अकरा जुलै. वेळ तिने मागून घेतली, दुपारी एक ते दोन.

त्या दिवशी जोतीरामने बाकीचे तिन्ही संगणक बंद ठेवले आणि दारात स्वतः उभा राहून गिऱ्हाइकं परत पाठवली. “पावणं, आज आत परीक्षा हाय. उद्या या.”

बरोबर एकला प्रश्न पडद्यावर आला. कोपऱ्यात गप्पांची छोटी चौकट उघडली. पलीकडे पुण्यात अनुजा नावाच्या परीक्षक बसल्या होत्या. संघप्रियाने प्रश्न दोनदा वाचला, संगणकाकडे पाठ केली, वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागली.

पुण्यात अनुजाबाईंना दिसत होता तो कोरा पडदा. दहा मिनिटांनी त्यांनी चौकटीत विचारलं, आहात ना? उत्तर नाही. वीस मिनिटांनी पुन्हा. संघप्रिया तेव्हा वहीतल्या चौकटींतले आकडे खोडत होती. तिला हाक मारली असती तरी ऐकू आलं नसतं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्यांदा प्रश्न आला आणि जोतीरामच्याने राहवेना. बाईमाणूस विचारतंय आणि आपण मुकाट बसायचं हे त्याच्या बूथच्या रीतीत बसत नव्हतं. तो वाकून एका बोटाने रोमन अक्षरांत टाइप करू लागला.

“हाय. लिहितायत.”

पलीकडून आलं, “आपण कोण?”

“जोतीराम.”

“आपण तिथे काय करताय?”

जोतीरामने खरं तेच लिहिलं. “मदत.”

परीक्षा थांबवण्यात येत आहे, असं पडद्यावर उमटलं तेव्हा संघप्रियाने वहीतून मान वर केली. प्रोग्रॅम झाला होता, चालवूनही झाला होता. तिने पडदा वाचला, मग जोतीरामकडे पाहिलं. तो खिशातला रुमाल काढून कीबोर्ड पुसायला लागला होता. ती काही टाइप करणार तेवढ्यात, वेळापत्रकाच्या दहा मिनिटं आधी, वीज गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. स्टँडवरून गगनबावड्याची गाडी पुकारत होते. चारही पडदे काळे होते आणि त्या खोलीत विजेशिवाय चालणारी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे जोतीरामचा जुना धंदा. संघप्रिया उठून फोनपाशी गेली आणि ईमेलच्या छापील कागदावरचा नंबर फिरवला.

“मॅडम, मी संघप्रिया कुरणे. लाइट गेलीय.”

“असं होणारच होतं,” अनुजाबाई म्हणाल्या. “हे बघा, मला यात पडायचं नाही. तिथे तुमच्याबरोबर कोणीतरी आहे. मी तसा अहवाल देते.”

“ते बूथवाले आहेत. त्यांना संगणक चालू आणि बंद करता येतो.”

“आणि या फोनवर तरी तुम्हीच आहात कशावरून?”

“दुसरं कोणी असतं तर त्याचा आवाज एवढा कापला नसता.”

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

“मग काय म्हणणं आहे तुमचं?”

“तो प्रश्न राहू द्या. दुसरा द्या, आत्ता, फोनवरच. मी प्रोग्रॅम सांगते. तुम्ही तुमच्याकडे टाइप करा आणि तुम्हीच चालवा.”

अनुजाबाईंनी सतरा वर्षं संगणक शिकवला होता. तोंडी प्रोग्रॅम घ्यायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बहुधा कुतूहलापोटीच प्रश्न दिला. एका स्टेशनात दिवसभरात काही गाड्या येतात. प्रत्येकीची यायची आणि निघायची वेळ दिली आहे. एकही गाडी बाहेर ताटकळू नये म्हणून कमीत कमी किती फलाट लागतील, ते काढा.

“बरं,” संघप्रिया म्हणाली. “आता थोडा वेळ बोलू नका.”

परीक्षकाला गप्प राहायला सांगणारी विद्यार्थिनी त्यांनी पाहिलेली नव्हती. त्या गप्प राहिल्या. इकडे जोतीराम भिंतीला टेकून उभा होता आणि श्वाससुद्धा नाकाने घेत होता. तिने नवं पान काढलं नाही. तिने डोळे मिटले होते. स्टँडवर गाड्या लागताना आणि निघताना तिने आयुष्यातली किती वर्षं पाहिली होती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आठ मिनिटांनी ती म्हणाली, “घ्या.”

तिने एकवीस ओळी सांगितल्या. कंस कुठे उघडायचा, कुठे मिटायचा, सगळं. मध्ये कुठे अडखळली नाही, मागे जाऊन काही बदललं नाही. एखादा माणूस समोरचा कागद वाचतो तसं ती सांगत होती, आणि समोर जोतीरामच्या भिंतीवरचं एका दूध संघाचं कॅलेंडर होतं.

“झालं,” ती म्हणाली. “तुम्ही कुठल्या गाड्या घालणार त्यांच्या वेळा सांगा.”

अनुजाबाईंनी नऊ गाड्यांच्या वेळा वाचल्या. आता तिने वही घेतली, चौकटी आखल्या, पाच-सहा मिनिटं नुसता पेनाचा आवाज आला. “तीन फलाट,” ती म्हणाली.

“माझ्याकडेही उत्तर तीनच आहे,” अनुजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “चालवते.”

फोनमध्ये एक कळ दाबल्याचा आवाज आला.

“नऊ,” त्या म्हणाल्या. “संघप्रिया, नऊ आलंय.”

जोतीरामला शब्द ऐकू आले नाहीत, पण तिचा चेहरा दिसला. तो सांगतो की तिचा चेहरा पडला नाही. तिने कपाळाला आठी घातली, आणि ती आठी स्वतःवरची नव्हती.

“नऊ गाड्या आणि नऊ फलाट,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे गाड्या येतायत, पण निघत एकही नाही. सगळ्या उभ्या आहेत. मॅडम, गाडी निघाली की मोजणीतून एक वजा करायचा, अशी ओळ मी सांगितली होती. चौदावी. ती तुमच्याकडे आहे का बघा.”

पलीकडे अनुजाबाई पुटपुटत एकेक ओळ मोजत गेल्या.

“नाही,” अनुजाबाई म्हणाल्या. “तेरावीनंतर मी एकदम पंधरावी घेतली.”

“घाला.”

त्यांनी घातली. पुन्हा कळ वाजली. उत्तर तीन आलं.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी. सव्वादोनशे किलोमीटरवरच्या, न पाहिलेल्या पडद्यावर दुसऱ्याने केलेली चूक विजेशिवाय शोधून काढणारी बाई, आणि ती शोधायला लागलेला वेळ अर्धा मिनिट. अनुजाबाईंनी कॉपीचा संशय मागे घेतला, अहवाल आत्ताच भरते म्हणाल्या, पदविका उद्याच्या टपालाने निघेल असा शब्द दिला. पंधरा जुलैला अजून चार दिवस होते. इकडे तिच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखून जोतीराम बाहेर जाऊन, कोणी विचारलेलं नसताना, रिक्षावाल्यांना ‘पास’ असं सांगून आला. पण संघप्रियाने फोन ठेवला नव्हता.

“मॅडम, अहवालात प्रयत्न किती लिहिले?”

“दोन. दोनदा चालवला ना आपण.”

“माझा प्रयत्न एकच आहे.”

“अहो, पास झालात तुम्ही. एक काय, दोन काय.”

“आकडा एक होता म्हणून तुम्ही मला इथवर आणलंत,” संघप्रिया म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. “तो खरा होता, हे आत्ता ठरलं. मग आता दोन कशाला?”

अनुजाबाईंनी हसून घेतलं असतं तर ते रीतीला धरून झालं असतं. त्या हसल्या नाहीत. फोनवर पुन्हा कळा वाजू लागल्या, या वेळी सावकाश, आणि टाइप करता करता त्या एकेक शब्द वाचून दाखवत गेल्या. विद्यार्थिनीचे प्रयत्न, एक. पहिल्या वेळी आलेली चूक परीक्षकाची.

“बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

“एकदा पहिल्यापासून वाचा,” संघप्रिया म्हणाली.