दोन नावांची आई

कॉलेजच्या सुट्टीत मी नंदुरबारला आलो की लोक माझ्याकडून इंग्रजी अर्ज लिहून घेत. आमच्या घरात तेवढा शिकलेला मी पहिलाच.

एकदा ब्राह्मणपुरीकडची एक बाई आली. तिचा नवरा आफ्रिकेत दुकानावर होता. बापाकडे निघालेल्या मुलाला तिथल्या बंदरावरूनच परत धाडलं होतं. बंदरावरच्या साहेबाने आईचं नाव विचारलं, तेव्हा बापाने सासरचं सांगितलं आणि मामाकडे वाढलेल्या मुलाने माहेरचं. साहेब म्हणाला, हा यांचा मुलगाच नव्हे.

त्या निर्णयाविरुद्ध अपील करायचं तर आधी अपील करण्याची परवानगी मागावी लागते, असं मी चाचरत सांगितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हसली.

"इचाराले बी इचारनं पडस का, भाऊ?"

कोणतं नाव लिहावं ते मला कळेना. शेवटी दोन्ही लिहिली. तिने दोन्हींखाली आंगठा उठवला.

"नावं दोन शेतस, पन आंगठा ते एकच शे ना!"

माझी मोठमोठी वाक्यं खोडून मी तेवढंच इंग्रजीत लिहिलं. अपिलाची परवानगी आल्याचं सांगायला ती स्वतः आली.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एकच लिहिलं तर तीच चूक पुन्हा होईल.